काढायची तारीख

खडा, एवढंच सांगितलं डेपोत.
शब्दाचं पहिलं अर्धं घशातच ठेवलं,
अकरा वर्षं
बाकीचंही जसं थांबवून ठेवलं तसं.

सकाळच्या अमळनेर–चोपड्याला
मी दोन घोट पिऊन चढायची, तिसरा नाही.
एका स्टँडवर बायकांच्या दाराला कुलूप,
दुसऱ्यावर दारच नाही.
हिलालअण्णा गाडी उभी करून
टपरीमागे जाऊन येत, शीळ घालत.
मी तोवर सुटे मोजायची.

मे महिन्यात ब्लाउजवर मिठाच्या रेघा उमटत.
धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, आतही तेच होतं,
पाणी कमी पडलं की क्षार बसतो.
म्हटलं, आमच्या हंड्याला बसतो तसा?
तसाच, म्हणाले.

लेसरने भुगा केला.
वाट सुजून मिटू नये म्हणून नळी ठेवली आत,
दोन्ही टोकं वळलेली.
कागदावर लिहिलं, डीजे स्टेंट.
दिराने वाचलं. "वहिनी, औंदा डीजे पोटातच?"
मीही हसले,
तर बरगडीखाली टोचलं.
सासू पानफुटीची पानं घेऊन उभी,
"पानी पे माय, पानी पे."

शेजारच्या खाटेवर झुंबरबाई होती.
बरं वाटलं म्हणून तीन वर्षं नळी विसरली,
मग नळीवरच खडा चढला.
"दुखत नाही ते ध्यानात राहत नाही, माय."
मी बॅगेच्या आतल्या कातड्यावर
बॉलपेनने तारीख गिरवली.
एकवीस दिवस.

रजा दहाच दिवसांची.

खड्डा चाकाआधी मला कळायचा.
पुढच्या सीटवरचा म्हातारा खूश,
"अण्णा, पोटातलं पाणी हललं नाही हो!"
दर वीस मिनिटांनी हाक यायची,
गेलं की चार थेंब, गुलाबी,
आणि शेवटी पाठीपर्यंत चढणारी कळ,
पाणी उलटं वर जाणारं.

एकदा राहवलंच नाही.
घंटा ओढली. भर रस्त्यात, केळीच्या बागेपाशी.
पन्नास माणसं खिडक्यांतून.
काय झालं, काय झालं?
"इंजन तापनं," अण्णा म्हणाले,
खाली उतरले, बॉनेट उघडलं,
आणि भरलेल्या रेडिएटरात
मी केळीतून परत येईपर्यंत
पाणी ओतत राहिले.
त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

एकविसाव्या दिवशी
हिरवं कापड, गार जेली.
पडद्यावर माझ्याच आतली खोली,
तिथे नळीचं टोक, शेपूट वळवून बसलेलं.
श्वास घ्या. सोडा.
आणि परकरातून नाडी निसटावी
तसं काहीतरी लांबच लांब निघत गेलं.
दोन मिनिटं.
सिस्टरने ट्रेमध्ये दाखवली.
तिने चिमट्याने सरळ केली, सोडली,
ती पुन्हा वळली.
एका टोकाला आत्ताच वाळूसारखी खरखर.
एवढ्यात? म्हटलं.
सिस्टर म्हणाली, पाणी प्या.

त्या रात्री जळजळ होती, पण झोपले.
पाच वेळा उठले. घरात,
कडी असलेल्या दारामागे, सावकाश.

सोमवारी कंट्रोलरच्या खिडकीत हात घातला.
किल्ली द्या.
कसली?
मुतारीची, म्हटलं. बायकांच्या.
रांगेतली माणसं वळली.
एकाने खाकरलं.
ते ड्रॉवर उपसू लागले:
जुने पास, रबराचे शिक्के,
गंजलेलं एक, मग दुसरं, तेही नव्हे.

मी बाटली उघडली
आणि तिथेच, खिडकीसमोर उभी राहून प्यायले,
अर्धी, मग उरलेली.
गाडीची वेळ होऊन गेली होती.
अण्णांनी हॉर्न दिला नाही.